मुनस्यारी–मिलम ट्रेक आणि मुलांच्या शाळेसाठी निधी: करावं का?

डोंगरवेडी

नमस्कार मंडळी,

आमचा ठाण्याचा जुना ट्रेकिंग ग्रुप ऑक्टोबरच्या सुरुवातीला उत्तराखंडातल्या कुमाऊंत जायचं म्हणतोय. मुनस्यारीहून लीलम, बुगडियार, रिलकोट, मारतोली, बुर्फू आणि शेवटी मिलम. सगळी वाट गोरी नदीच्या काठाने वर जाते. तिबेटशी व्यापार व्हायचा तेव्हाचा हा जोहार खोऱ्यातला मुख्य रस्ता. १९६२च्या युद्धानंतर व्यापार थांबला आणि वरची गावं हळूहळू रिकामी झाली, एवढं वाचलंय.

ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने सुचवलं की नुसतं चालून येण्यापेक्षा चालण्याच्या निमित्ताने पैसे गोळा करू. ओळखीच्यांनी किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यायची आणि जमेल ते तिथल्या मुलांच्या शिक्षणाला द्यायचं. अर्ध्या ग्रुपला हे फार आवडलं. उरलेल्यांच्या मते ही आपलीच समजूत घालणं आहे. मी मध्ये अडकलेय.

असं कोणी केलंय का? पैसे द्यायचे कोणाला? आणि मुळात करावं का?

कट्ट्यावरचा

म्हणजे हिमालयात फिरायला तुम्ही जाणार, आणि पैसे आम्ही द्यायचे? उत्तम योजना आहे. मी पुढच्या महिन्यात गोव्याला जातोय, किलोमीटरमागे किती देणार बोला.

(हलकं घ्या.)

नाणेघाटचा रांजण

जकात आम्ही दोन हजार वर्षांपासून घेतोय, रांजण अजून जागेवर आहे. व्यापारी मार्गावर चालणाऱ्याने पैसे टाकायचे असतात, गोळा करायचे नसतात.

फिरस्ता

आधी वाटेबद्दल लिहितो, बाकीच्यात मला गती नाही.

मुनस्यारी ते मिलम एका बाजूने साठेक किलोमीटर. मिलम साधारण ३४०० मीटरवर. चढ एकदम अंगावर येत नाही, पण लीलम ते बुगडियार आणि पुढे नाहर देवीपर्यंतचा भाग अरुंद दरीतून आहे आणि दरडी सतत पडतात. जुलै-ऑगस्ट विसराच. रिलकोट सोडलं की खोरं एकदम उघडतं, मग मारतोलीला नंदादेवीचं मंदिर आणि समोर शिखरं.

इनर लाइन परमिट (सीमाभागात जायचा परवाना) भारतीयांनाही लागतं, ते मुनस्यारीत एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयात मिळतं. ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो जास्तीचे ठेवा. वर आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) चौक्यांवर पुन्हा नोंद होते.

बीआरओ (सीमा रस्ते संघटना) मिलमपर्यंत मोटाररस्ता करतंय. काही पट्ट्यांत जुनी पायवाट राहिलेलीच नाही, धुळीच्या रस्त्यावरून चालावं लागतं. २०२० मध्ये याच रस्त्यावर पोकलेन घेऊन जाणाऱ्या ट्रकसकट पूल कोसळला होता आणि आठवड्याच्या आत नवा बेली पूल (तयार लोखंडी भाग जोडून उभारलेला) उभा राहिला. तेव्हा 'जुना व्यापारी मार्ग' बघायचा असेल तर लवकर जा.

काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे जीपने अख्खा दिवस. अल्मोडा, थल, बिर्थीचा धबधबा, कालामुनीची खिंड. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

मास्तर

धाग्याचा विषय शाळा आणि मिलम असा एकत्र आला म्हणून लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

मिलमचा सर्वांत प्रसिद्ध माणूस शाळामास्तर होता. नैनसिंह रावत, जन्म १८३०. मिलमच्या सरकारी शाळेत शिकवायचा. १८६३ मध्ये सर्वेक्षण खात्याने त्याला आणि त्याच्या नातलगाला, मणिसिंहला, प्रशिक्षणासाठी डेहराडूनला नेलं. तिबेटात गोऱ्या माणसाला शिरता येत नव्हतं, पण जोहारच्या व्यापाऱ्यांची तिकडे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा होती. यात्रेकरूच्या वेशात, पावलं मोजत हा माणूस ल्हासाला जाऊन आला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पाणी किती अंशाला उकळतं ते पाहून उंची काढायची. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं. आपल्या टपाल खात्याने २००४ मध्ये तिकीट काढलं.

तर डोंगरवेडी, त्या वाटेवर किलोमीटर मोजून पैसे मिळवायची कल्पना नवीन नाही. नैनसिंहला त्याचा पगार मिळायचा.

कट्ट्यावरचा

मास्तर, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

जोहारची सून

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंच लागतंय. माहेर सातारा, सासर मुनस्यारी. नवऱ्याच्या आजोबांपर्यंत घरात तिबेटचा व्यापार होता. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर दहाएक किलोच्या छोट्या थैल्या बांधून धान्य, गूळ, कापड वर न्यायचं आणि मीठ, टाकणखार, लोकर खाली आणायची. मिलमच्या पुढे ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी बिंगरी या तिन्ही खिंडी पाच हजार मीटरच्या वर. त्या ओलांडून ग्यानिमाच्या मंडीत जायचं. प्रत्येक घराचा तिबेटात ठरलेला 'मित्र' असे आणि व्यवहार त्याच्याशीच होई. सासूबाई अजून लोण्या-मिठाचा चहा, आमच्याकडे त्याला 'ज्या' म्हणतात, करताना 'मीठ तिकडचंच' म्हणतात. मीठ अर्थातच आयोडीनयुक्त पाकिटातलं असतं.

आता मुद्दा. तुम्ही 'त्या वाटेवरच्या मुलांसाठी' म्हणताय. मिलम, बुर्फू, मारतोली ही आमची उन्हाळी गावं. हिवाळ्यात सगळे खाली मुनस्यारी, तेजम, थलकडे उतरायचे. आता वर जातात ते बहुतेक वयस्क लोक, मे ते ऑक्टोबर, बटाटा आणि जडीबुटीच्या शेतीपुरते. वर तुम्हाला शाळकरी मुलं जवळपास दिसणारच नाहीत. ऑक्टोबरमध्ये तर लोक परतीच्या तयारीत असतात.

व्यापार गेल्यावर आमच्या शौका समाजाने शाळा धरली. १९६७ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्या आधारावर माणसं शिकली, सरकारी नोकऱ्यांत गेली, मोठमोठ्या पदांवर पोचली. खोरं रिकामं झालं त्यात युद्धाचा हात आहेच, पण शाळेचाही आहे. शिकलेला माणूस मिलमला राहून करणार काय? शौका व्यापाऱ्यांची नातवंडं आज डेहराडूनला, हल्द्वानीला, दिल्लीला आहेत. त्यांना तुमच्या किलोमीटरच्या पैशांची गरज नाही. राग मानू नका, आमच्या घरातलीच मुलं तुमच्या ग्रुपला स्पॉन्सर करतील.

गरज आहे ती दुसऱ्यांना. खालच्या गोरी खोऱ्यातल्या शिल्पकार (इकडच्या दलित समाजाच्या) वस्त्या. मेंढपाळ अणवालांची घरं. रस्त्याच्या कामावर आलेल्या नेपाळी मजुरांची मुलं, जी रस्ता पुढे सरकेल तशी शाळा बदलतात किंवा सोडतात. फोटोत जुनी दगडी घरं आणि नक्षीदार दरवाजे येतात, ही मुलं येत नाहीत.

अनुजा_के

वरचा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवण्यासारखा आहे.

माझा अनुभव नेपाळचा. एका आयोजकाने 'ट्रेक करा, शाळेला मदत करा' म्हणून नेलं. शेवटच्या दिवशी एका बालगृहात तास-दीड तास थांबलो. मुलांनी नाच केला, आम्ही वह्या वाटल्या, सगळ्यांनी सेल्फी काढले. तिथल्याच एका मोठ्या मुलाशी बोलताना कळलं की त्याचे आईवडील दोघेही हयात आहेत, दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावात. नंतर वाचलं तर नेपाळमध्ये हा प्रकार नवा नव्हता. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून दलाल खेड्यांतल्या पालकांना चांगल्या शाळेचं आमिष दाखवून मुलं आणतात.

भारतात तसंच असेल असं म्हणत नाही. पण मुलांना आपल्यासमोर उभं करायला लावणारा कोणताही कार्यक्रम नको. 'दोन दिवस इंग्रजी शिकवू'सुद्धा नको. तुमच्या मुलाच्या वर्गात कोणी अनोळखी ट्रेकर येऊन शिकवू लागला तर चालेल का?

प्रॅक्टिकल_पाटील

हे सगळं ठीक आहे, पण अशा धाग्यांचं नेहमी एकच होतं. कोणीतरी काहीतरी करायला निघतं आणि पन्नास लोक ते का करू नये हे सांगतात. शेवटी ते लोक ट्रेक करून येतात, पैसे कोणाला जात नाहीत, आणि सगळ्यांची तत्त्वं शाबूत राहतात.

चालण्याच्या निमित्ताने पैसे गोळा करण्यात गैर काय? माणूस विनाकारण पैसे देत नाही. मॅरेथॉनला देतोच ना? पाच लाख जमले आणि त्यातले तीन लाख जरी नीट वापरले गेले तरी ते शून्यापेक्षा जास्त आहेत.

अनुजा_के

पाटील, बालगृहाला मिळणारे पैसेही शून्यापेक्षा जास्तच होते. त्याच पैशांमुळे मुलं घरापासून तुटत होती.

प्रॅक्टिकल_पाटील

टोकाचं उदाहरण घेतलंत. मी सरकारी शाळेबद्दल बोलतोय.

सीए_सदाशिव

पैशाचं सरळ बोलू.

१. ग्रुपमधल्या एकाच्या यूपीआयवर लोकांकडून पैसे घेऊ नका. नंतर हिशोबावरून मैत्री तुटते, हे मी व्यवसायाने सांगतो.

२. आधी देणगी घेणारी नोंदणीकृत संस्था ठरवा आणि देणगीदारांनी थेट तिच्या खात्यात भरावेत. तुम्ही फक्त आवाहन करा.

३. देणगीवरची ८०जीची करवजावट २००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर ती वजावट नाहीच. तेव्हा 'टॅक्स वाचेल' म्हणून कोणाला पटवू नका.

४. ट्रेकचा खर्च आणि देणगी एकत्र करू नका. 'उरलेले पैसे शाळेला' हे वाक्य मला सगळ्यात जास्त भीती घालतं, कारण काहीच उरत नाही.

बे_एरियाकर

आम्ही इथून, अमेरिकेतून, द्यायचे म्हटलं तर? इथल्या मंडळात विचारलं तर बरीच मंडळी तयार होतील.

सीए_सदाशिव

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेत, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. ओसीआयवाले (परदेशी पासपोर्ट घेतलेले मूळचे भारतीय) मात्र कायद्याने परदेशी नागरिक. त्यांच्याकडून घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. डोंगरातल्या छोट्या संस्थांकडे हे बहुधा नसतं. तेव्हा 'माझ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल' असले मार्ग सुचवू नका, संस्था अडचणीत येते.

बे_एरियाकर

म्हणजे मंडळातले निम्मे बाद. असो, गणपतीला नाटक बसवू.

डोंगरवेडी

सगळ्यांचे आभार. जोहारची सून, तुमचा प्रतिसाद ग्रुपवर टाकला, तिथे शांतता पसरली आहे. :)

एक विचारायचं होतं. या मुलांना नक्की काय अडतं? सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं मिळतात, पोषण आहार आहे. मग पैसा कुठे लागतो?

जोहारची सून

छान प्रश्न. आठवीपर्यंत फारसं अडत नाही, शाळा बंद झाली नाही तर. पोरं कमी म्हणून लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन होतात, मग सहा-सात वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडून जावं लागतं. २०१३च्या पुरात गोरीवरचे पूल गेले तेव्हा कित्येक गावं तारेवरच्या पाळण्यातून, म्हणजे गरारीतून, नदी ओलांडत होती, शाळेची मुलंही.

खरा अडसर नववीनंतर. इंटर कॉलेज (इकडे बारावीपर्यंतच्या शाळेला इंटर कॉलेज म्हणतात) लांब असतं, म्हणून मूल मुनस्यारीत खोली घेऊन राहतं. दोन-तीन भावंडं एका खोलीत, स्वतः स्वयंपाक करून. खोलीचं भाडं, गॅस, घरी जायचं जीपभाडं. एवढ्यावरच मुलींची शाळा सुटते, कारण घरचे म्हणतात की एकटीला खोलीवर कोण ठेवणार. त्यात विज्ञान-गणिताच्या शिक्षकांची पदं रिकामी. तुम्ही वह्या नेल्यात तर त्या कोणाला नको नाहीत, पण अडतं ते तिथे नाही.

आणखी एक. तुम्ही ऑक्टोबर निवडलात हे बरं केलंत. मे-जूनमध्ये आला असतात तर वर्गच रिकामे दिसले असते.

फिरस्ता

कीडाजडी?

जोहारची सून

हो. बर्फ वितळलं की अख्खी घरं बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, तंबू ठोकतात. अळीत उगवणारी बुरशी, गवतातून काडीएवढं टोक बाहेर येतं. मुलांचे डोळे तीक्ष्ण आणि ती जमिनीच्या जवळ, त्यामुळे मोठ्यांपेक्षा त्यांनाच जास्त सापडते. किलोचा भाव लाखांत. एका हंगामात बारक्या पोराने मिळवलेले पैसे बघितले की शाळेचं महत्त्व कोणाला सांगणार?

कट्ट्यावरचा

मलाही दिसत नाही जवळचं. चष्मा काढून येऊ का?

मुक्ता_नागपूर

अवांतर: मुनस्यारीचा राजमा मिळाला तर जरूर आणा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. शिजायला वेळ लागतो पण आपल्या बाजारातल्या राजम्याशी त्याची गाठच नाही. 'सार संसार, एक मुनस्यार' म्हणतात ते पंचाचूली शिखरांसाठी असेल, मी राजम्यासाठी मानते.

मास्तर

आता शिक्षकाच्या भूमिकेतून. मी नंदुरबारकडे नोकरी केली, तिथेही डोंगर होते, स्थलांतर होतं, पटसंख्या होती. २०२३ मध्ये आपल्याकडेही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढायचं चाललं, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. त्यामुळे वरची कहाणी मला अनोळखी नाही.

बाहेरून पैसे आणणारे मी खूप पाहिले. बहुतेकांना काहीतरी दिसेल असं द्यायचं असतं. रंगवलेली भिंत, नावाचा फलक, दप्तरं. खोलीभाड्याचा फोटो निघत नाही, म्हणून ते कोणी देत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. मुख्याध्यापकाशी बोला, पण या समितीतल्या दोन-तीन पालकांशी स्वतंत्रपणे बोला. दोन उत्तरं वेगळी आली तर पालकांचं धरा. वस्तू द्यायच्या असतील तर शिक्षण मंत्रालयाचं विद्यांजली पोर्टल आहे, २०२१ पासून नव्या रूपात चालू. शाळा स्वतः तिथे काय हवंय ते टाकते आणि तुम्ही तेवढंच देता. त्यात रोकड नाही, ही त्याची अडचणही आणि सोयही.

प्रॅक्टिकल_पाटील

हे कामाचं. मास्तर, असं आधी सांगायचं ना.

मास्तर

आधी तुम्ही भांडत होता.

समिधा

मी थोडं वेगळं म्हणते. उत्तराखंडच्या पलायन (म्हणजे स्थलांतर) आयोगाचा २०१८चा अहवाल पाहा. गाव सोडणाऱ्यांपैकी साधारण निम्मे रोजगारासाठी गेले, शिक्षणासाठी सुमारे पंधरा टक्के. २०११ नंतर ७३४ गावं पूर्ण रिकामी झाली. म्हणजे आईबापांना गावात कमाई असेल तर मूल शाळेत टिकायची शक्यता वाढते. मग तुमच्या ट्रेकमधूनच कमाई का देत नाही? दिल्लीच्या कंपनीचं पॅकेज न घेता स्थानिक वाटाड्या, स्थानिक घोडेवाला, स्थानिक घरात मुक्काम. मुनस्यारीजवळच्या सरमोलीत गावच्या बायका होमस्टे चालवतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्या गावाला सर्वोत्तम पर्यटन गाव म्हणून निवडलं. देणगीच्या आधी मजुरी द्या, तीही घासाघीस न करता.

प्रॅक्टिकल_पाटील

हे मान्य. पण एका ट्रेकची मजुरी म्हणजे वर्षाचं खोलीभाडं नव्हे. दोन्ही करा.

जोहारची सून

समिधा यांच्याशी सहमत, एक जोड देते. घोडेवाला ठरवताना हेही विचारा की सोबत कोण येणार. शाळा बुडवून बारा-तेरा वर्षांचा पोरगा सामान वाहायला आला तर तुमच्या ट्रेकमुळेच त्याची शाळा बुडते. मी हे पाहिलंय, आणि त्या ग्रुपने त्याच्यासोबत गोड फोटो काढले होते.

आणि मुनस्यारीत एक दिवस जास्त ठेवा. शेरसिंह पांगती या निवृत्त शिक्षकाने स्वतःच्या घरात उभारलेलं संग्रहालय बघा. ती व्यापारातली भांडी, थैल्या, कपडे हातात घेण्याइतक्या जवळून बघितले की वरची ओसाड घरं वेगळी दिसतात.

डोंगरवेडी

काल ग्रुपची बैठक झाली. किलोमीटरमागे पैसे घ्यायची कल्पना मागे पडली. ज्या मैत्रिणीने सुचवली होती तिनेच सोडली. मुनस्यारीत दोन दिवस जास्त थांबतोय आणि तेव्हा एका इंटर कॉलेजच्या पालकांशी बोलायचा प्रयत्न करणार. त्याआधी कोणाकडूनही पैसे गोळा करणार नाही. परत आल्यावर काही ठोस समजलं, तर आम्ही आमच्या खिशातून सुरुवात करू, बारावीपर्यंतच्या खोलीभाड्यापासून. संस्था कोणती ते सदाशिवकाका बघून देतील असं गृहीत धरलंय.

दोघांना अजूनही वाटतं की चालत असतानाच मागितले तर जास्त मिळतील. त्यांचं खोटंही नाही.

सीए_सदाशिव

बघतो. फी नाही, राजमा चालेल.

प्रॅक्टिकल_पाटील

माझे पहिल्या वर्षाचे दहा हजार धरा. चालणं, न चालणं तुमचं तुम्ही बघा.

कट्ट्यावरचा

माझे पाचशे. गोव्याच्या किलोमीटरांतून वळते करा.

फिरस्ता

डोंगरवेडी, काठगोदामची तिकिटं काढलीत का? दसऱ्याच्या आसपास येतंय, वेटिंग पटकन वाढतं. आणि परमिटचं कार्यालय सुट्टीला बंद असतं, तेव्हा मुनस्यारीला रविवारी पोचू नका.

डोंगरवेडी

अरे देवा. रविवारीच पोचतोय.